सात कसोट्या, नऊ बळी



चार गोलंदाजांच्या नावांनी सुरुवात करू. टी. ए. शेखर, भरत अरुण, सुब्रतो बॅनर्जी आणि पारस म्हांब्रे. चौघेही धावत येऊन नवा चेंडू टाकणारे, चौघेही भारताकडून कसोटी खेळलेले. शेखर यांना दोन कसोट्या मिळाल्या, बळी एकही नाही. अरुण यांना दोन कसोट्यांत चार बळी. बॅनर्जी एकच कसोटी खेळले, जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला. तिथे पहिल्या डावात त्यांनी मार्श, टेलर आणि मार्क वॉ यांना बाद केलं आणि त्यानंतर त्यांना पुन्हा कसोटी मिळाली नाही. म्हांब्रे यांच्या दोन कसोट्या आणि दोन बळी. बेरीज केली तर चौघांच्या मिळून सात कसोट्या आणि नऊ बळी.

आता दुसरी यादी. झहीर खान, कसोटी बळी ३११. उमेश यादव, कसोटी बळी १७०. मोहम्मद सिराज, ज्यानं आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात एका षटकात चार गडी बाद केले. जसप्रीत बुमरा, ज्याची ओळख करून द्यायला नको. पहिल्या यादीतली माणसं दुसऱ्या यादीतल्या माणसांच्या मागे नेटमध्ये, खेळपट्टीच्या कडेला, वही घेऊन उभी होती. ज्यांना स्वतःला मोठ्या मैदानावर फार काळ टिकता आलं नाही, त्यांच्या हाताखाली भारताची वेगवान गोलंदाजी उभी राहिली. हे कसं झालं, ते पारस म्हांब्रे यांच्या कारकिर्दीच्या आधारानं पाहायचं आहे.

म्हांब्रे मुंबईचे. जन्म २० जून १९७२. रणजी पदार्पण १९९२–९३ च्या हंगामात. तेव्हाची मुंबई जरा उतरणीला लागली होती. १९८४–८५ नंतर रणजी करंडक मुंबईकडे आलाच नव्हता, आणि ज्या शहरानं पंधरा वर्षं सलग करंडक जिंकला त्या शहराला हा दुष्काळच वाटत होता. १९९३–९४ मध्ये रवी शास्त्रींच्या नेतृत्वाखाली तो संपला. त्या संघाच्या नव्या चेंडूच्या माणसांत म्हांब्रे होते. त्यांचा वेग फलंदाजाला घाबरवणारा नव्हता. मध्यम-जलद गती, टप्पा एकाच जागी, चेंडू थोडासा बाहेर जाणारा. अशा गोलंदाजाला दिवसभर काम करावं लागतं. सकाळी खेळपट्टीत ओलावा असताना तो टाकतो आणि दुपारी चेंडू जुना झाल्यावरही कर्णधार त्यालाच बोलावतो, कारण तो धावा देत नाही.

१९९६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली. ६ जूनला एजबॅस्टनच्या पहिल्या कसोटीत भारतानं चार नवे चेहरे उतरवले: विक्रम राठोड, सुनील जोशी, वेंकटेश प्रसाद आणि पारस म्हांब्रे. भारत तो सामना आठ गडी राखून हरला. दुसरी कसोटी लॉर्ड्सला २० जून रोजी सुरू झाली. त्या दिवशी म्हांब्रे यांना चोविसावं वर्ष पुरं झालं. त्या कसोटीची आठवण आजही निघते ती सौरव गांगुलीच्या १३१ आणि राहुल द्रविडच्या ९५ धावांमुळे. दोघांचीही ती पहिली कसोटी. पंच डिकी बर्ड यांची ती शेवटची. आणि फारसं कोणाच्या लक्षात नसलेली गोष्ट अशी, की पारस म्हांब्रे यांचीही ती शेवटचीच. याखेरीज त्यांच्या नावावर तीन एकदिवसीय सामने आणि त्यांत तीन बळी एवढंच जमा झालं.

लॉर्ड्सच्या त्या अकरा जणांत द्रविड होते, राठोड होते, म्हांब्रे होते. पंचवीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, हेच तिघे भारतीय संघाचे अनुक्रमे मुख्य प्रशिक्षक, फलंदाजी प्रशिक्षक आणि गोलंदाजी प्रशिक्षक होते. तिघांपैकी एकाच्या मागे १६४ कसोट्यांची पुण्याई होती, दुसऱ्याच्या मागे सहा कसोट्या आणि तिसऱ्याच्या मागे दोन. ड्रेसिंग रूममध्ये हा हिशेब कोणी मांडला नाही.

पण मधली पंचवीस वर्षं अशी ओलांडून जाता येणार नाहीत. प्रशिक्षक घडला तो तिथेच.

भारतीय संघाचं दार बंद झाल्यावर म्हांब्रे मुंबईसाठी खेळत राहिले. प्रथम श्रेणीचे ९१ सामने, २८४ बळी, सरासरी २४ च्या आसपास. या आकड्यांमागे किती पाटा खेळपट्ट्या आणि किती सुटलेले झेल असतील, ते ज्यानं क्रिकेटचा एक हंगाम तरी गोलंदाजी केली आहे त्याला कळेल. २००२–०३ च्या मोसमात मुंबईनं रणजी करंडक जिंकला तेव्हा कर्णधार म्हांब्रे होते. वेगवान गोलंदाज कर्णधार होणं आपल्याकडे दुर्मीळ. गोलंदाजाला स्वतःच्या षटकांचा मोह असतो किंवा संकोच तरी असतो, असं मानलं जातं. म्हांब्रे यांना दुसऱ्याच्या हातात चेंडू कधी द्यायचा, याचा सराव तिथे झाला.

खेळणं थांबल्यावर त्यांनी राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा तिसऱ्या पातळीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पुरा केला. मोठं नाव असलं की प्रशिक्षकाची खुर्ची आपोआप मिळते, अशी तेव्हाची समजूत होती. मोठं नाव नसलेल्यांना परीक्षा द्यावी लागली आणि ते त्यांच्या पथ्यावर पडलं. म्हांब्रे बंगालचे प्रशिक्षक झाले. २००५–०६ मध्ये बंगालचा संघ सोळा वर्षांनी रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. लखनौला उत्तर प्रदेशाकडून पहिल्या डावाच्या आघाडीवर तो हरला. पुढच्याच वर्षी बंगाल पुन्हा अंतिम फेरीत. या वेळी समोर मुंबई, मैदान वानखेडे. ज्या ड्रेसिंग रूममध्ये म्हांब्रे वाढले तिच्या पलीकडच्या खोलीत ते बसले होते आणि समोर सचिन तेंडुलकर व झहीर खान मुंबईकडून खेळत होते. मुंबई जिंकली. बंगालसाठी सलग दोन पराभव. पण सोळा वर्षं जो संघ अंतिम फेरीच्या आसपास फिरकला नव्हता तो लागोपाठ दोनदा तिथे आला, याची नोंद क्रिकेट मंडळाच्या लोकांनी घेतली.

त्यानंतर बडोदा झालं, महाराष्ट्र झालं, विदर्भ झाला, मुंबई इंडियन्स झालं. रणजी प्रशिक्षकाचं आयुष्य हॉटेल, बस आणि रिकाम्या स्टेडियममध्ये जातं. एखाद्या चांगल्या पोराची दुखापत लपवण्याची सवय मोडायची, निवड समितीशी भांडायचं, आणि मोसम संपला की करार पुढे चालेल की नाही याची वाट पाहायची.

२०१५ मध्ये राहुल द्रविड भारत ‘अ’ आणि १९ वर्षांखालील संघांचे प्रशिक्षक झाले. त्यांच्याबरोबर गोलंदाजीची जबाबदारी म्हांब्रे यांच्याकडे आली. २०१८ च्या न्यूझीलंडमधल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी यांचा वेग पाहून परदेशी समालोचक चकित झाले होते. ईशान पोरेलनं उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध १७ धावांत चार बळी घेतले. भारतानं अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवलं. २०२० मध्ये म्हांब्रे त्या वयोगटाचे मुख्य प्रशिक्षक होते. यशस्वी जैस्वाल, रवी बिश्नोई, कार्तिक त्यागी यांचा तो संघ पॉचेफस्ट्रूमला अंतिम सामन्यात बांगलादेशाकडून हरला.

नागरकोटीची पुढची कहाणी मात्र इथे सांगायलाच हवी. विश्वचषकानंतर त्याला दुखापतींनी गाठलं, त्यांत पाठीचीही होती, आणि आयपीएलचे दोन मोसम तो खेळू शकला नाही. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीझमध्ये आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक भार शरीरावर येतो. त्याच क्षणी कंबर वळलेली, एका बाजूला झुकलेली असते. वाढीच्या वयातली मणक्याची हाडं हा भार रोज सोसू शकत नाहीत. त्यांना बारीक तडा जातो. आधी नुसती कंबर दुखते. मुलगा सांगत नाही, कारण सांगितलं तर संघाबाहेर जावं लागेल. घरचे मलम लावतात. तडा वाढतो.

म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं मुलांच्या वेगवान गोलंदाजीला मर्यादा घातली. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलानं एका वेळी जास्तीत जास्त पाच षटकं आणि दिवसाला दहा; चौदा-पंधराव्या वर्षी सहा आणि बारा; सोळा-सतराव्या वर्षी सात आणि अठरा. आपल्याकडे एखादा पोरगा वेगानं टाकतो असं दिसलं, की शाळेचा सामना, क्लबचा सामना आणि रविवारची स्पर्धा असं तिन्हीकडे त्यालाच धावायला लावतात. ठिबकवर केळी जगवणाऱ्या आपल्या तालुक्याला हे वेगळं समजावायला नको: किती दिलं यापेक्षा केव्हा दिलं आणि केव्हा थांबवलं, यावर पीक ठरतं.

भारतीय संघाचा गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून म्हांब्रे यांचा सगळ्यात वाईट दिवस १० नोव्हेंबर २०२२ हा असावा. अ‍ॅडलेडला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा उपांत्य सामना. भारताच्या १६८ धावा. बटलर आणि हेल्स या इंग्लंडच्या सलामीच्या जोडीनं सोळा षटकांत बिनबाद १७० केल्या. गोलंदाजी प्रशिक्षकाच्या नावापुढे एकही बळी नाही. बुमरा त्या स्पर्धेत नव्हता. त्याची पाठ दुखावली होती. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या दौऱ्यावर तो परतला. जगातला सर्वोत्तम गोलंदाज जवळपास वर्षभर मैदानाबाहेर ठेवण्याचा धीर संघानं दाखवला.

त्यानंतरचे काही महिने भारतीय वेगवान गोलंदाजीनं पूर्वी कधी पाहिले नव्हते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी कोलंबोत आशिया चषकाच्या त्या अंतिम सामन्यात सिराजनं २१ धावांत सहा बळी घेतले आणि श्रीलंकेचा डाव ५० धावांत आटोपला. त्यानंतरच्या एकदिवसीय विश्वचषकात मोहम्मद शमी पहिले चार सामने बाकावर होता. हार्दिक पंड्या जायबंदी झाल्यावर तो आला आणि सात सामन्यांत २४ बळी घेऊन स्पर्धेत अव्वल ठरला. वानखेडेवर श्रीलंका ५५ धावांत बाद. त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शमीचे ५७ धावांत सात. अंतिम सामना अहमदाबादला भारत हरला, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये केप टाऊनला दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ५५ धावांत संपला, सिराजचे १५ धावांत सहा. तो सामना ६४२ चेंडूंत निकाली निघाला. निकाल लागलेली एवढी छोटी कसोटी आजवर झालेली नाही.

आणि मग २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, क्लासेन मोकाट सुटला होता. सोळावं षटक बुमराचं, चार धावा. सतरावं हार्दिकचं, पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद, चार धावा. अठरावं पुन्हा बुमराचं, दोन धावा आणि यान्सनचा त्रिफळा. एकोणिसावं अर्शदीपचं, चार धावा. शेवटच्या षटकात सोळा हव्या होत्या, हार्दिकनं आठ दिल्या. सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल सगळ्यांना आठवतो. पण सामना फिरला तो सोळा ते एकोणीस या चार षटकांत. चोवीस चेंडूंत चौदा धावा. अर्शदीपनं त्या स्पर्धेत १७ बळी घेतले, बुमरानं १५, तेही षटकामागे जेमतेम सव्वाचार धावा देऊन. सामना सात धावांनी जिंकल्यावर द्रविड यांच्याबरोबर म्हांब्रे यांचाही कार्यकाळ संपला. त्या वर्षाअखेरीस ते मुंबई इंडियन्सकडे परतले.

बुमराला चेंडू टाकायला म्हांब्रे यांनी शिकवलं, असं कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. बुमराची ती वेगळीच शैली कोणत्याही पुस्तकात बसत नाही. चांगल्या प्रशिक्षकाचं काम तिथे ती शैली न बिघडवण्याचं होतं. कोणाच्या मनगटाला हात लावायचा आणि कोणाच्या नाही, हे ओळखणं हेच या विद्येतलं अवघड प्रकरण.

हीच गोष्ट पहिल्या यादीतल्या उरलेल्या तिघांची. झहीर खान श्रीरामपूरचा, साखर कारखान्यांच्या तालुक्यातला. मुंबईला आल्यावर नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांनी त्याला हेरलं, आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये शेखर यांनी त्याला तयार केलं. ही संस्था १९८७ मध्ये डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव वयाच्या विशीपर्यंत टेनिस चेंडूच खेळत होता. विदर्भाकडे आल्यावर बॅनर्जींनी त्याच्या गोलंदाजीवर काम केलं. २०१७–१८ मध्ये विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हाही गोलंदाजीची बाजू बॅनर्जींकडे होती. सिव्हिल इंजिनिअर झालेल्या रजनीश गुरबानीनं त्या मोसमात ३९ बळी घेतले आणि अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक केली. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा सिराज २०१६–१७ च्या रणजी मोसमात ४१ बळी घेऊन पुढे आला, तेव्हा हैदराबादचे प्रशिक्षक भरत अरुण होते. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला सिराजनं एका डावात पाच बळी घेतले, त्या वेळीही भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक अरुणच. त्याच सामन्यात सात बळी घेणारा आणि पहिल्या डावात ६७ धावा करणारा शार्दूल ठाकूर पालघरचा. लोकलनं तासन्‌तास प्रवास करून तो मुंबईत सरावाला यायचा.

या यादीत आणखी एक मराठी नाव घालावं लागेल. आविष्कार साळवी, मुंबईचा उंच वेगवान गोलंदाज, २००३ मध्ये भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला. दुखापतींनी कारकीर्द आखडली. मधल्या काळात त्यानं खगोलभौतिकीचा अभ्यास केला. पुढे साळवी प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली पंजाबनं २०२३ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा गोलंदाजी प्रशिक्षक साळवी होते आणि मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार, ज्यांना प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताची टोपी मिळाली नाही. त्या संघातली वेगवान गोलंदाज क्रांती गौड मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची. घुवारा हे काही आपल्या नशिराबादपेक्षा मोठं गाव नाही.

नशिराबादचं काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. इथून जळगाव हाकेच्या अंतरावर, भुसावळसारखं जंक्शन शेजारी, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या संघाचं दार खानदेशच्या मुलांना खुलं. तरी गावागावांत स्पर्धा होतात त्या टेनिस चेंडूच्या, सहा-आठ षटकांच्या. टेनिस चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा, चामडी चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. पहिल्यावर खांदा झटकून वेग काढता येतो. दुसऱ्याला संपूर्ण शरीर लागतं, आणि त्याला शिवण असते. शिवण सरळ ठेवून चेंडू सोडण्याची सवय बारा-तेराव्या वर्षी लागली तर लागते. विसाव्या वर्षी सुरुवात करून कसोटीपर्यंत पोहोचणारा उमेश यादव एखादाच.

मातीचाही विचार करावा. आपली काळी माती चिकण, पाणी धरणारी, मे महिन्यात भेगाळणारी. तिच्या खेळपट्टीवर चेंडू खाली राहतो, थांबून येतो. वानखेडेच्या लाल मातीसारखा उसळत नाही. पण टप्पा पुढे ठेवून यष्ट्यांवर मारायला शिकवण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. म्हांब्रे यांच्यासारख्या गोलंदाजाची सगळी पुंजी हीच होती.

स्टेडियमची मागणी करणारे ठराव पुष्कळ झाले. या गावाला आधी प्रशिक्षक हवा. जिल्ह्यासाठी, कॉलेजसाठी, क्लबसाठी चामडी चेंडू टाकलेली माणसं या सभागृहातही असतील. त्यांतल्या दोघांनी संघटनेचा पहिल्या पातळीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम करावा, त्याची फी गावानं भरावी. शाळेच्या पटांगणावर एक नेट आणि मॅटिंग टाकावं. आठवीतल्या मुलांबरोबर मुलींच्याही हातात चामडी चेंडू द्यावा. प्रत्येकानं दिवसाला किती चेंडू टाकले याची वही ठेवावी, आणि कोणी कंबर दुखते म्हणालं तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून डॉक्टरकडे न्यावं. दिवाळीनंतर मोसम सुरू होतो; त्याच्या आत एवढी तयारी व्हावी, अशी ही विनंती.